चाळीसगावचा पूल आणि कायद्याच्या प्राध्यापकांची जिज्ञासा

सन १९२९. चाळीसगाव रेल्वे स्थानकावर उतरलेल्या एका बॅरिस्टरांना जवळपास तासभर ताटकळावे लागले. स्थानकाबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते. ज्या महारवाड्यात मुक्कामाला जायचे होते, तो नदीच्या पलीकडच्या काठावर, पायी जाता येईल इतक्या अंतरावर होता. तरीही उशीर का होतो आहे, हे पाहुण्यांना उमगेना. अखेर एक टांगा आणण्यात आला. स्वागताला आलेली मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे निघाली. टांगा दोनशे पावले जातो न जातो, तोच त्याची एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरील फरशीचा पूल लागला. त्याला कठडे नव्हते. कडेने काही फुटांच्या अंतरावर दगड तेवढे बसविलेले होते. पुलावर वळतानाच घोडा उधळला, चाक पहिल्याच दगडावर आदळले आणि पाहुणे फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत कोसळला. पाहुण्यांची शुद्ध हरपली, पायाचे हाड मोडले.

चौकशी केल्यावर खरा प्रकार कळला. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्यांनी पायी यावे, हे वस्तीतील लोकांना अपमानास्पद वाटत होते. मग तडजोड झाली, ती अशी की मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकणारा मात्र वस्तीने आणावा. ज्याच्या हाती लगाम आला, त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता.

ते पाहुणे म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. आदल्याच वर्षी, जून १९२८ मध्ये, मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे, त्यांच्या वाट्याला आले होते. दौरा आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, धुळ्याच्या गाडीने मार्गावरील एका खेड्यात गेले आणि तिथल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून पुन्हा चाळीसगावला आले. हा अनुभव त्यांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवला. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तो ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोटेखानी पुस्तकात प्रसिद्ध केला.

डॉ. आंबेडकरांची घटनाकार आणि समाजक्रांतिकारक म्हणून असलेली ओळख सर्वश्रुत आहे. परंतु चलन, शेतजमिनीचे तुकडे, राज्यांच्या सीमा, नद्यांची खोरी आणि मानववंशशास्त्र या विषयांवरही त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन आणि काम केले, याची जाणीव तुलनेने कमी आढळते. वरवर पाहता ही एका व्यासंगी माणसाची विखुरलेली कुतूहले वाटतात. त्यांना जोडणारा धागा मात्र त्या पुलावर स्पष्ट दिसतो. टांगेवाल्यांनी त्या दिवशी कोणत्याही कायद्याचा भंग केला नव्हता. उतारूला जातीमुळे नाकारणे हा तेव्हा गुन्हाच नव्हता. माणसाचे जगणे कायद्याच्या पुस्तकाबाहेरच ठरत असेल, तर कायद्याच्या प्राध्यापकाला पुस्तकाबाहेर पाहणे भाग होते.

बहिष्कार आणि बाजार

खानदेशातील त्या खेड्यात ज्या बहिष्काराची चौकशी झाली, त्याचे स्वरूप थोडक्यात समजून घेतले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. कागदावर हक्क मिळाला होता. प्रत्यक्षात एखाद्याने तो बजावला, तर गाव त्याला मारहाण न करताही नमवू शकत असे. शेतमालक कामावर बोलावत नसे, दुकानदार मीठ-तेल देत नसे, कसायला दिलेली जमीन काढून घेतली जाई. हक्क न्यायालयातला आणि शिक्षा बाजारातली, असा हा प्रकार होता. स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालानेही यावर बोट ठेवले. हक्क देण्याच्या शिफारशी केल्या, तरी मारहाणीची भीती आणि आर्थिक परावलंबन यांमुळे ते बजावणे दीर्घकाळ अवघड राहील, असे समितीचे मत होते.

डॉ. आंबेडकरांनी यावर उपाय शोधला तो पार ब्रह्मदेशच्या कायद्यात. तेथे १९२२ साली बहिष्कारविरोधी कायदा झाला होता. पहिल्या गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक उपसमितीपुढे रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरवावा अशी मागणी होती आणि अपराधाची व्याख्या या कायद्यावरून घेतलेली होती. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला तो २०१६ साली, आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. जातपंचायतींनी कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या घटना त्यामागे होत्या. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. मागणी आणि कायदा यांत सुमारे ८५ वर्षांचे अंतर पडले.

रुपयाची किंमत कोण मोजतो?

बाजाराकडे पाहण्याची ही दृष्टी त्यांच्याकडे अचानक आलेली नव्हती. कायद्याचे प्राध्यापक होण्यापूर्वी ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. १९२५ ते १९२८ या काळात एका लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. पदवीचा त्यांचा प्रबंध ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचा विषय आज क्लिष्ट वाटतो, परंतु जळगावच्या सराफ बाजाराला तो परका नाही. सोन्याचा भाव वाढला, असे आपण म्हणतो तेव्हा खरोखर सोने महागलेले असते की रुपया स्वस्त झालेला असतो? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पेच उभा राहिला होता. रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचे चलन सोन्याशी बांधलेले होते. १८७० नंतर जगभर चांदीचा भाव कोसळू लागला आणि त्याबरोबर रुपयाही घसरू लागला. तोवर कोणीही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३ साली सरकारने ही मुभा बंद केली आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा स्थिरावला. रुपया चांदीचाच राहिला, त्याचा परदेशी हुंडणावळीचा दर मात्र सोन्याच्या चलनाशी सांभाळायचा, अशी ही ‘सुवर्ण विनिमय’ पद्धत होती. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या ग्रंथात तिची भलामण केली होती.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप असा, की या पद्धतीत किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते. लंडनमधील दर स्थिर दिसला, तरी देशांतर्गत बाजारात रुपयाची खरेदीशक्ती घटू शकते. नवे रुपये पाडण्याचा सरकारचा अधिकारही बंद करावा आणि चलनाच्या पुरवठ्याला नियमाचा बांध घालावा, हे त्यांचे प्रतिपादन होते. रुपया घसरला की निर्यातदाराला लाभ होतो, हे त्या काळी अनेकांना देशहिताचे वाटे. परदेशी विकलेल्या कापसाचे अधिक रुपये हाती येत. डॉ. आंबेडकरांनी त्या लाभाची दुसरी बाजू मांडली. वस्तूंचे भाव आधी चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे व्यापाऱ्याचा हा नफा मजुराच्या खिशातून आलेला असतो. खानदेशासारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात हा मुद्दा शेतावर राबणाऱ्या प्रत्येक मजुराला लागू पडत होता.

रिझर्व्ह बँकेचा जन्म या ग्रंथातूनच झाला, असे विधान अनेकदा ऐकू येते. ते काहीसे अतिशयोक्त आहे. हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली, हे खरे; परंतु साक्ष देणाऱ्या अनेकांपैकी ते एक होते. त्यांचे श्रेय वेगळे आहे. चलन छापणाऱ्याचे हात कशाने बांधलेले असावेत, हा मूलतः कायद्याचा प्रश्न त्यांनी अर्थशास्त्रात आणला.

शेताचा तुकडा

जमिनीचे तुकडे होतात म्हणून शेती परवडत नाही, हे वाक्य धुळे-जळगावच्या कोणत्याही बाजार समितीत आजही ऐकायला मिळते. १९१८ साली भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात डॉ. आंबेडकरांनी लहान धारणाक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र करावेत आणि वाटण्यांना कायद्याने बंदी घालावी, असा विचार त्या वेळी बळावत होता. त्यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. किती एकरांचे शेत ‘परवडणारे’, हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर किती माणसे राबतात, किती बैल, किती अवजारे, किती भांडवल, यांच्या प्रमाणावर ते ठरते. भांडवल अपुरे असेल तर मोठे शेतही तोट्याचे आणि भांडवल पुरेसे असेल तर लहान शेतही फायद्याचे होऊ शकते.

त्यांच्या मते खरी अडचण जमीन थोडी असण्यात नव्हती. जमिनीवर अवलंबून असलेली माणसे फार होती आणि त्यांतील अनेकांना पुरेसे काम नव्हते. म्हणून त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला. शेतीबाहेर रोजगार निर्माण झाला की जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. वाटण्या रोखणारा कायदा केला, तर धाकट्या भावांना भूमिहीन करण्यापलीकडे त्याचा परिणाम होणार नाही, अशी त्यांना भीती होती. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अशा स्वरूपाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. आज बारमाही केळीखालील दोन एकर आणि कोरडवाहू कापसाखालील दोन एकर यांतला फरक जाणणाऱ्या जळगावच्या शेतकऱ्याला या युक्तिवादासाठी वेगळ्या पुराव्याची गरज भासणार नाही.

नकाशावरील रेषा

सीमारेषा बदलल्या की माणसांचे काय होते, हे खानदेशाने वारंवार अनुभवले आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

राज्यांच्या नकाशाविषयी डॉ. आंबेडकरांनी दोनदा सविस्तर लिहिले. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी महाराष्ट्राची आणि मुंबईवरील त्याच्या हक्काची बाजू मांडली. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर त्यांनी ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ ही पुस्तिका लिहिली. लोकसंख्येचे तक्ते आणि नकाशे देऊन त्यांनी एक सूक्ष्म भेद समजावला. ‘एक राज्य, एक भाषा’ हे तत्त्व त्यांना मान्य होते. ‘एक भाषा, एक राज्य’ हे मान्य नव्हते. एका राज्यात एकच भाषा असावी, परंतु एकच भाषा बोलणाऱ्यांची अनेक राज्ये असण्यास हरकत नाही.

त्यानुसार त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचविले: मुंबई शहर राज्य, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पूर्व व पश्चिम खानदेश त्यांनी मध्य महाराष्ट्रात घातले होते. नाशिक, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), डांग, मराठवाड्याचे जिल्हे आणि सोलापूरचा मराठी भाग त्याच राज्यात होता. निजामाच्या राजवटीत उपेक्षित राहिलेला मराठवाडा मोठ्या राज्यात पुन्हा उपेक्षित राहील, ही त्यामागची एक चिंता होती. दुसरी चिंता अधिक खोल होती. प्रत्येक भाषिक प्रदेशात एखादी संख्येने मोठी आणि जमीन बाळगणारी जात असते, लहान जाती गावोगाव विखुरलेल्या आणि तिच्यावर अवलंबून असतात. राज्य जितके मोठे, तितका लहानांचा आवाज क्षीण. खानदेशातील बहिष्कृत वस्तीत जे एका गावाच्या पातळीवर दिसले होते, तेच त्यांना राज्याच्या पातळीवर दिसत होते.

मराठी राज्याविषयीची ही सूचना स्वीकारली गेली नाही आणि १ मे १९६० रोजी एकसंध महाराष्ट्र अस्तित्वात आला. त्या निर्णयामागे लोकांचा मोठा लढा होता. मात्र त्याच पुस्तिकेत बिहार आणि मध्य प्रदेश यांचे प्रत्येकी दोन आणि उत्तर प्रदेशाचे तीन भाग करावेत असेही त्यांनी सुचविले होते. दक्षिण बिहारची राजधानी म्हणून त्यांनी रांचीचे नाव घेतले होते. २००० साली या तिन्ही राज्यांचे विभाजन झाले. रेषा हुबेहूब त्यांनी आखलेल्या नव्हत्या. पण झारखंडची राजधानी रांचीच झाली.

नदीला प्रांत नसतो

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला, त्यानंतर बंगाल, बिहार आणि केंद्र यांच्या बैठका झाल्या. त्यांतून अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर एक योजना आकाराला आली. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करायचा आणि प्रांताच्या सीमेऐवजी नदीचे खोरे हे एकक मानायचे, असे तिचे सूत्र होते. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीविषयी बोलताना त्यांनी अतिरिक्त पाण्याला संकट मानण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली. माणसाला जादा पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, म्हणून ते समुद्रात लोटण्याऐवजी साठवावे, असा त्यांचा आग्रह होता.

तापीकाठच्या वाचकाला ‘खोरे’ ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून तापी जळगाव, धुळे, नंदुरबार ओलांडते आणि गुजरातेत समुद्राला मिळते. हतनूरच्या धरणातून सोडलेले पाणी उकाईला पोहोचते. तीन राज्यांची नदी एकच आहे. पाण्याच्या वाटणीचे शास्त्रही इथे नवे नाही. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे बांधून ठरलेल्या पाळीने पाणी देणारी फड पद्धत धुळे परिसरात शतकानुशतके चालत आली. तिच्यातील शिस्त वाखाणण्याजोगी होती. पण पाण्याचा वाटा जमिनीमागे होता. ज्याला जमीनच नाही, त्याला फडातही वाटा नव्हता.

मोजमापाची साक्ष

त्यांच्या जिज्ञासेने विज्ञानाच्या आणखी एका शाखेला स्पर्श केला. कोलंबिया विद्यापीठात असताना मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हे जातीचे मर्म असल्याचे मांडले. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हा समज तपासला. त्यासाठी त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांनी वापरलेली नाकाच्या मोजमापांची आकडेवारी घेतली. ही मोजमापे वंशभेद सिद्ध करण्यासाठी वापरली जात. डॉ. आंबेडकरांनी तेच आकडे पुढे ठेवून दाखविले, की त्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशांचे ठरत नाहीत. आज विज्ञानाने अशा मोजमापांचा आधारच सोडून दिला आहे. परंतु प्रतिपक्षाच्याच पुराव्याची उलटतपासणी घेण्याची ही रीत अस्सल वकिलाची होती.

धुळेकरांच्या आठवणीत या वकिलाचे आणखी एक रूप जपलेले आहे. एका खटल्याच्या कामासाठी ते धुळ्यात आले असता ३१ जुलै १९३७ रोजी लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांनी मुक्काम केला, असे सांगितले जाते. तेव्हा ते शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्या स्मृतीनिमित्त दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठा जनसमुदाय जमतो.

आपल्या महाविद्यालयांत कायदा एका इमारतीत, अर्थशास्त्र दुसऱ्या इमारतीत आणि भूगोल तिसऱ्या इमारतीत शिकविला जातो. विद्यार्थी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत क्वचितच जातो. डॉ. आंबेडकरांच्या लेखनात या भिंती नाहीत, कारण ज्यांच्यासाठी ते लिहीत होते, त्यांच्या आयुष्यात त्या नव्हत्या. बहिष्कृत माणसाला मजुरी, जमीन, पाणी आणि गावची हद्द यांचा जाच एकाच वेळी होत होता.

चाळीसगावच्या त्या घटनेनंतर २६ वर्षांनी, १९५५ साली, संसदेने अस्पृश्यता (अपराध) कायदा संमत केला. पुढे त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही सार्वजनिक वाहन वापरू न देणे हा त्याच्या चौथ्या कलमानुसार अपराध आहे. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या टांगेवाल्यांना हे कलम लागू झाले असते.